मागचे केस

कुंदावहिनी कुणालाही भेटली की आधी त्याच्या पाठीमागे जायची. समोरून नमस्कार झाला न झाला की ही बाई गोल फिरून मागे. तिथून डोक्याकडे एक नजर, आणि मग पुन्हा समोर येऊन म्हणायची, "बाकी सगळं छान गं, मागे राहिलंय." वेम्बलीच्या हॉलमध्ये मंडळाचा दिवाळी फराळ चालू असताना चिवड्याची प्लेट हातात धरून उभ्या असलेल्या कितीतरी बायकांचा दुसरा हात तिने असा डोक्यामागे जायला लावला होता. गंमत म्हणजे कुणी रागवायचं नाही. उलट पुढच्या वेळी बायका स्वतःच पाठ करून उभ्या राहायच्या, "कुंदाताई, बघा हो, आलाय का नीट?"

ती माझी मोठी जाऊ. ती वर उत्तरेत लीड्सला, मी लंडनमध्ये पिनरला. तोंडावर मी तिला "अहो वहिनी" म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात मात्र ती कायम "ती"च होती. इथे मी मनातलंच लिहिणार आहे, कारण तोंडावरचं बरंचसं खोटं होतं.

लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पेशंटांच्या जेवणाचं खातं ती सांभाळायची. अंगाने भरलेली, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. वीस-पंचवीस वर्षं यॉर्कशरमध्ये काढल्यामुळे बसवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांना तिकडच्यासारखं लाडाने "लव" म्हणायची. स्वतःचे केस मात्र टाळूच्या मागे उंच अंबाड्यात करकचून बांधलेले आणि वरून मानेपर्यंत ओढलेली काळी जाळी. स्वयंपाकघरातली नोकरी, जाळीची सवय लागली असेल, असं मी धरून चालले होते. मोकळ्या केसांची कुंदावहिनी मी कधी पाहिलीच नव्हती.

केस घरीच रंगवायचे, हा आमच्या पिढीतल्या बायकांचा इथला धर्मच होता. सलोनमध्ये जायचं म्हणजे आधी अपॉइंटमेंट, मग त्या गोऱ्या पोरीसमोर मान मागे टाकून बसायचं आणि ती "एनी हॉलिडेज प्लॅन्ड?" विचारेल तेव्हा उत्तर शोधायचं. त्यापेक्षा केमिस्टकडून डबा आणावा, दार लावून घ्यावं आणि तासाभरात तरुण होऊन बाहेर यावं. पण त्यात एक मोठी मेख आहे, आणि घरी रंग लावणाऱ्या प्रत्येकीला ती माहीत आहे. पुढचं आपलं आपल्याला जमतं. मागचं जमत नाही. दोन आरसे घ्या, तीन घ्या, हात भरून येतो, मान अवघडते आणि शेवटी अंदाजपंचे ब्रश फिरवून आपण देवावर हवाला ठेवतो. कुंदावहिनीचं म्हणणं असं, "पुढचं आरसा दाखवतो गं. मागचं कुणीतरी आपलं माणूस बघावं लागतं."

आणि आमच्या घरात ते आपलं माणूस कोण, यावरून मी तिच्यावर आयुष्यभर जळले. हेवा वगैरे सौम्य शब्द आहेत. मी जळले.

त्याचं कारण आमच्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या पुण्याहून आल्या त्या आमच्याकडेच, पिनरला राहिल्या. लीड्सची थंडी त्यांना सोसायची नाही, आणि इथे वेम्बलीचं देऊळ जवळ, ईलिंग रोडची भाजी जवळ. त्यांचं कमी तिखटाचं मी करायचे, त्यांना जीपी डॉक्टरकडे मी न्यायचे, त्यांच्या चष्म्याच्या काड्या मी शोधायचे. मंडळात त्या एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होत्या. इतकं वय झालं तरी केस काळे. "आमच्या माहेरच्या बायकांचे केस पिकतच नाहीत," असं त्या इतक्या सहज सांगायच्या की समोरची बाई मनातल्या मनात आपल्या माहेरला दोष द्यायची. मग कानाजवळचे चार पांढरे केस बोटाने पुढे ओढून दाखवायच्या. "हे बघा, आता कुठे लागलेत."

मला सगळं ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात उशीच्या अभ्र्यावर मला तपकिरी डाग दिसला. मग बाथरूमच्या फरशीच्या सांध्यात दिसला. तो मी ब्लीच टाकून जुन्या ब्रशने घासून काढला, आणि काही पाहिलंच नाही असं दाखवलं. पुढे प्रत्येक महिन्याला घासला आणि प्रत्येक महिन्याला पाहिलाच नाही. त्यांनी एकदा म्हणावं, "नीला, जरा मागे हात लाव गं," एवढीच माझी इच्छा होती. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्यासाठी कुंदावहिनी लीड्सहून यायची.

महिन्यातून एका शनिवारी ती यायची. सकाळची गाडी पकडून किंग्ज क्रॉस, तिथून मेट्रोपॉलिटन लाइनने पिनर, हातात एक कापडी पिशवी. दारातच माझ्या मागे फिरून एक नजर, "बरंय, पण मागे राहिलंय," की सरळ जिना चढून वर. सासूबाई आधीच जुना गाउन घालून बसलेल्या असायच्या. मग बाथरूमचं दार लागायचं आणि आतून कडी.

पिशवीत काय असतं ते मला पाठ होतं, कारण मागाहून आवरायला मीच जायचे. श्रीखंडाचा रिकामा डबा, कारण धातूचं भांडं रंगाला चालत नाही. शेपटीचा कंगवा, जुना टूथब्रश, व्हॅसलिनची डबी, आणि गळ्यातून घालायला भोक पाडलेली कचऱ्याची काळी पिशवी. रंग नेहमी डार्क ब्राऊन, काळा कधीच नाही. "काळा लावला की चोरी पकडली जाते," ती म्हणायची. "आणि कानाजवळचे चार पांढरे सोडायचेच. ते बघितले की लोक बाकीच्यांवर विश्वास ठेवतात." म्हणजे सासूबाईंच्या त्या प्रसिद्ध चार केसांची कर्तीसुद्धा हीच होती.

वेळ मोजायला घड्याळ नव्हतं. सासूबाईंची सकाळची स्तोत्रं त्या शनिवारी मागे ठेवलेली असायची. रंग लावून झाला की त्या ती सुरू करायच्या, आणि सगळी म्हणून संपली की डोकं धुवायचं. त्यामुळे खाली स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मला आधी अमोनियाचा वास यायचा, मग स्तोत्राचा आवाज, आणि मधेच कुठेतरी स्तोत्र तुटून दोघींच्या हसण्याचा. सासूबाई हसायच्या! माझ्यासमोर त्या फार तर स्मित करायच्या, देवळात ओळखीच्या बाईला करावं तसं. वर मात्र खिदळणं चालायचं. एकदा मी टॉवेल द्यायच्या निमित्ताने जिना चढून गेले तर आतून वहिनीचा आवाज आला, "हलू नको गं, म्हातारे!" आणि सासूबाई हसता हसता खोकू लागल्या.

मी टॉवेल दाराला अडकवून खाली आले. सासूला "गं म्हातारे"! आमच्या घरात त्यांना "आई, चहा घेता का" यापलीकडचं वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. मी त्या दिवशी थालीपिठं इतकी थापली की ती कागदासारखी झाली.

माझी लेक ऋचा तेव्हा दहाएक वर्षांची असेल. ती जिन्यावर बसून वर बघायची. "आई, आजी अँड काकू आत काय करते? खूप फन वाटतो. तू पण जा ना."

"मला कामं आहेत," मी म्हणायचे.

"दार तर नॉक कर."

मी नॉक केलं नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असा मला माझा मोठा मान होता. तो मान आणि ती थालीपिठं घेऊन मी खाली उभी राहायचे, आणि दोघी गुलाबी चेहऱ्याने खाली यायच्या तेव्हा विचारायचे, "झाली का आंघोळ, आई?"

"झाली बाई," सासूबाई म्हणायच्या. मागे वहिनी उभी राहून माझ्याकडे बघून एक भुवई उचलायची. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. त्या भुवईचा मला फार राग यायचा.

एकदा मी सूड म्हणून पिनरच्या हाय स्ट्रीटवरच्या सलोनमध्ये जाऊन आले. पुढून-मागून सगळं एकसारखं, मधाच्या रंगाचं करून घेतलं. शनिवारी वहिनी आली, गोल फिरून मागे गेली. बोटांनी दोन-तीन बटा उचलून पाहिल्या. मला वाटलं, जिंकले. मग समोर येऊन म्हणाली, "छान केलंय हो. एक केस सोडला नाही तिने. आता तुला बघून कुणी म्हणणार नाही की हिला घरात कुणी आहे." मी हसले, आणि ती वर गेल्यावर ओट्यावरची बरणी दाणकन आपटली. पुन्हा सलोनमध्ये गेले नाही, ते मात्र खरं.

मग तो फेब्रुवारी आला. लंडनमध्ये सहसा पडत नाही असा बर्फ पडला, बस बंद, गाड्या बंद. नेमका त्याच आठवड्यात मंडळाचा ज्येष्ठांच्या सत्काराचा कार्यक्रम होता आणि सासूबाईंना स्टेजवर शाल मिळणार होती. वहिनीचा शनिवार बर्फात गेला. सासूबाईंच्या भांगात पांढरी रेघ उगवली होती, बोटभर रुंद. त्या दर तासाला खिडकीशी जाऊन बाहेर बघत. लीड्सला फोन करत. मी ओट्याशी उभी राहून वाट बघत होते. आता म्हणतील. आता तरी म्हणतीलच. डबासुद्धा मी आणून ठेवला होता, माझ्या कपाटात, टॉवेलांखाली.

शेवटी मीच म्हटलं, "आई, डोक्याला काही लावून देऊ का?"

"काय लावणार?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रंगाचं नाव काढवेना. "तेल," मी म्हटलं.

"नको. सर्दी झालीय."

सर्दी कुठली! पण सत्काराच्या दिवशी रस्ते मोकळे झाल्यावर त्या डोक्याला लोकरीचा स्कार्फ घट्ट बांधून हॉलमध्ये आल्या. हीटिंग फुल, बाकीच्या बायका पदराने वारा घेताहेत, आणि आमच्या सासूबाई स्टेजवर स्कार्फमध्ये घामाघूम. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "स्कार्फ काढा की आई, फोटो काढू." त्या म्हणाल्या, "कानात वारं शिरतं." मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि मला रडू येत होतं. माझ्या हातात डोकं देण्यापेक्षा त्यांना भर हॉलमध्ये शिजणं परवडत होतं.

पुढच्या शनिवारी वहिनी आली. वरचं काम उरकून, सासूबाईंना पलंगावर आडवं करून ती खाली स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते.

"रागावलीस ना?"

"कशाला रागावू?"

"ते कणकेला विचार, लव," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "नीला, तुला वाटतं मी त्यांना जास्त जवळची. उलट आहे गं. मी महिन्यातून एकदा येते नि संध्याकाळची गाडी पकडून जाते. मला त्या पांढऱ्या दिसल्या काय नि काळ्या दिसल्या काय! राहायचंय त्यांना तुझ्याकडे. ज्या घरात राहायचं ना, तिथे म्हातारं दिसायची भीती वाटते माणसाला."

"कसली भीती?"

"आता हिचं होत नाही म्हणून पुण्याला परत धाडतील. नाहीतर इथल्या एखाद्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये. तसं बोलत नाहीत त्या. पण डोकं हातात आलं की कळतं."

"मी धाडेन? मी?" कणकेचा हात तसाच कमरेवर गेला.

"तू नाही धाडणार, हे मला माहितीये. त्यांना कुणी सांगितलंय का?"

दुसरी एखादी असती तर तिथे तिचं मन भरून आलं असतं. माझा आणखीच जळफळाट झाला. माझ्या घरातली भीती, माझ्या छपराखाली वाढलेली, माझ्या हातचं जेवणारी, आणि ती कळली कुणाला, तर लीड्सच्या बाईला! दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप पुढे ठेवत सासूबाईंना म्हटलं, "आई, हे घर तुमचंच आहे बरं. कायमचं." त्यांनी एक घोट घेतला. "माहितेय," त्या म्हणाल्या. "साखर कमी पडलीय."

पण त्या स्वयंपाकघरातलं अजून सांगायचं राहिलं. मी हात धुऊन वळले तर वहिनी माझ्या मागे उभी होती. "बस खाली," ती म्हणाली. "डब्यात रंग उरलाय. तुझं मागचं बघते." मी नको म्हणणार होते. म्हटलंही असेन. पण तिने खांदे दाबून मला बसवलं, कंगव्याच्या शेपटीने केसांची एक बट वेगळी केली, कानाची पाळी हलकेच ओढून मागे व्हॅसलिन लावलं आणि डोक्यावर हात ठेवला. आई गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणाचा असा हात पडला नव्हता. मानेपासून पायापर्यंत सगळं सैल झालं. सासूबाईंना इतकी वर्षं दर महिन्याला काय मिळत होतं ते मला तेव्हा कळलं, आणि माझे डोळे मिटले.

त्यानंतर मीही त्या शनिवारची वाट बघू लागले. वर त्यांचं, मग खाली माझं. वर जास्त वेळ लागला की मी चुळबुळत राहायचे. म्हणजे पूर्वी मी सासूबाईंसाठी तिच्यावर जळायचे, आता तिच्यासाठी सासूबाईंवरही जळू लागले. माझा काही नेम नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली असं तिच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी फोनवर सांगितलं. कावीळ नव्हती. पोटात होतं, आणि फार पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी करण्यासारखं काही नाही म्हटल्यावर तिनेच हट्ट करून घरी यायचं ठरवलं. माझे यजमान श्री, सासूबाई आणि मी गाडीने लीड्सला गेलो. तिथल्या स्टेशनवर उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही दर महिन्याला एवढ्या लांबून यायची?" ते अंतर त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मलाही.

खालच्या पुढच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग आणून लावला होता. ती अर्धी झाली होती. माझ्याकडे बघून बोटाने हवेत गोल काढला, फिर म्हणून. मी फिरले, पाठ दाखवली. "राहिलंय," ती म्हणाली. मग नर्सने तिला कुशीवर वळवलं, आणि मला तिच्या डोक्याची मागची बाजू दिसली.

जाळी नव्हती, अंबाडा नव्हता. पुढचे केस डार्क ब्राऊन, कानाजवळ ते चार पांढरे, अगदी शिस्तीत. आणि मागे, टाळूपासून खाली, सगळं पांढरंशुभ्र. आजारपणात वाढलेलं नव्हे. लांबच लांब, टोकापर्यंत पांढरे केस. त्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता.

"काय बघतेस?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मागे राहिलंय ना?"

"वहिनी, तुमचं मागचं कोण करायचं?"

"कोण करणार? तुझ्या भाऊजींना सिग्नलचा लाल-हिरवा कळत नाही, ते रंगवणार? जाळीत भागायचं."

"मला सांगायचंत की."

"तू लाटणं हातात घेऊन उभी असायचीस, बाई. कोण सांगणार तुला!"

मी काही बोलणार तोच मागून सासूबाईंचा आवाज आला. "नीला, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जा. डबा घेऊन ये. डार्क ब्राऊन." इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्यांनी ते दोन शब्द पहिल्यांदा उच्चारले. वर म्हणाल्या, "काळा आणू नकोस."

मी नर्सला विचारलं, चालेल का. ती म्हणाली, "व्हाय नॉट, लव? इफ इट चीअर्स हर अप." आता पलंगावरच टॉवेल टाकून करू, असं मी म्हटलं तर वहिनीने मान हलवली. "बाथरूममध्ये. दार लावून."

खालचं बाथरूम एवढंसं. भाऊजींनी आणि श्रीने तिला धरून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. कमोडच्या झाकणावर सासूबाई बसल्या. मी दोघींच्या मधे, हातमोजे घालून, श्रीखंडाचा डबा धरून. सासूबाईंनी हात लांब करून आतून कडी लावली. त्या कडीचा आवाज मी नेहमी दाराच्या दुसऱ्या बाजूने ऐकला होता.

"बट बारीक काढ," कुंदावहिनी सांगत होती. "घाबरतेस काय? मला काही दुखत नाही तिथे. कान ओढ. हां." मी एकेक बट उचलून मुळापासून टोकापर्यंत रंग लावला. तिचे केस मऊ होते. रंग संपल्यावर सासूबाईंनी स्तोत्र सुरू केलं, पण त्यांचा आवाज सारखा अडकत होता. वहिनी डोळे मिटूनच म्हणाली, "ए म्हातारे, ओळी गाळू नको. अर्धं तपकिरी, अर्धं पांढरं डोकं घेऊन जाऊ का वर?" सासूबाई हसल्या. मग वहिनी हसली आणि पोट धरून कळवळली आणि पुन्हा हसली. मीही हसले, डब्यासकट. बाहेर कुणीतरी आमचं हसणं ऐकून जळत असावं, असं मला फार वाटत होतं. पण बाहेर नुसते दोघे भाऊ होते, आवाज बंद करून क्रिकेट बघत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये लोक ओळीने येऊन तिच्या पायाशी फुलं ठेवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी आधी फिरून डोक्याच्या बाजूला गेले, वाकले आणि बघितलं. कुठे राहिलं नव्हतं.

पिनरला आल्यावर पुढचा शनिवार उजाडला. मी टॉवेलांखालचा तो जुना डबा काढला आणि उघडपणे बाथरूमच्या फळीवर ठेवला. आता चोरी कशाची? सासूबाईंनी तो उचलून पाहिला.

"हे कशाला?"

"आई, शनिवार आहे. मी लावते ना. मला येतं आता."

"येतं तुला, मी पाहिलं," त्या म्हणाल्या. "पण राहू दे. माझं झालं आता."

आणि त्या पांढऱ्या होत गेल्या. आधी भांगात, मग कानांपर्यंत. तपकिरी भाग खाली खाली सरकत गेला, आणि एका सकाळी त्यांनी तो माझ्याकडून कात्रीने कापून घेतला. मंडळात बायका विचारायच्या, "आई, हे एकदम कसं हो?" त्या म्हणायच्या, "वय झालं." घरात म्हातारं दिसायची त्यांची भीती गेली होती, की भीती घालवणारीच गेली म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मी आपली त्या पांढऱ्या डोक्याकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं. कुंदासाठी या पांढऱ्या झाल्या. मी गेले तर माझ्यासाठी कुणी एक केस तरी पांढरा ठेवेल का? मेलेल्या बाईवर जळणं किती वाईट असतं ते मला सांगू नका. मला माहीत आहे.

माझं मागचं तर पार उघडं पडलं होतं. दिवाळीच्या आधी मी बाथरूममध्ये उभी होते, डाव्या हातात छोटा आरसा, उजव्या हातात ब्रश, खांदा भरून आलेला. दार ढकलून सासूबाई आत आल्या. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि हात पुढे केला. "दे इकडे. बस खाली."

"आई, तुमच्या हाताला लागेल रंग."

"लागू दे."

मी कमोडच्या झाकणावर बसले. त्यांनी कंगव्याच्या शेपटीने एक बट वेगळी केली, बारीक. कानाची पाळी हलकेच ओढली. बोटाने मागे व्हॅसलिन फिरवलं, आणि डोक्यावर हात ठेवला. तो हात मी ओळखला. तसाच दाब, तशीच बोटं. ज्या डोक्यावर तो हात इतकी वर्षं फिरला, त्या डोक्याने तो पाठ केला होता. सासूबाईंचा हात अखेर माझ्या डोक्यावर आला, तो असा, कुंदावहिनीचा होऊन. मी तेव्हासुद्धा जळले, खोटं कशाला बोलू? पण डोळे भरून आले होते, आणि त्यांचा चेहरा बघावा म्हणून मी मान वळवायला गेले.

"हलू नको गं, म्हातारे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्तोत्र सुरू केलं.